ओरेस्ट हावरिशचं लाल तोंड

हृदयरोगावर मानवजातीने मिळवलेला पहिला मोठा विजय पॅरिसमध्ये मिळाला नाही, लंडनमध्ये नाही, आणि न्यू यॉर्कमध्ये तर मुळीच नाही. तो मिळाला सस्कॅचेवानात, जिथे गहू पिकतो, वारा वाहतो आणि बाकी फारसं काही घडत नाही. नायासिन नावाच्या एका साध्यासुध्या जीवनसत्त्वाने रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली उतरतं, हे पन्नासच्या दशकात तिथल्याच सस्कॅटून शहरातल्या मंडळींनी जगाला दाखवून दिलं, आणि तेव्हापासून या प्रांतात मृत्यूला जरा जपूनच पाऊल टाकावं लागतं.

या महान विजयाचा लार्क सायडिंग गावातला एकुलता एक लाभार्थी, ओरेस्ट हावरिश, त्या सकाळी को-ऑपच्या सहकारी दुकानात डीप फ्रीजमध्ये मानेपर्यंत डोकं खुपसून उभा होता.

"काय शोधतोयस रे ओरेस्ट?" मागून इंग्रिड टॉलेफसनचा आवाज आला. दुकानाच्या एका कोपऱ्यातलं औषधांचं काउंटर तीस वर्षं तिच्याकडे होतं.

"मटार," फ्रीजच्या आतून उत्तर आलं.

"हा मासळीचा कप्पा आहे."

"मग मासळी."

"बाहेर ये. कान दिसतायत तुझे."

ओरेस्ट बाहेर आला. त्याचं तोंड बिटाच्या सूपात बुडवून काढल्यासारखं लाल झालं होतं. मान लाल, कान लाल, शर्टाचं वरचं बटण उघडं होतं तेवढी छातीही लाल. आणि खाज अशी, की लोकरीचा बनियन उलटा करून आत मुंग्या सोडल्या असाव्यात.

"किती वेळ झाला गोळी घेऊन?"

"वीस मिनिटं."

"अजून अर्धा तास," इंग्रिड म्हणाली. "मासळी घेणार आहेस की झाकण लावू?"

ओरेस्ट गोळ्या का घेत होता, हे सांगायला हवं. हावरिश घराण्यातल्या एकाही पुरुषाने आपला अठ्ठावन्नावा वाढदिवस बघितला नव्हता. बाप सत्तावन्नाव्या वर्षी ट्रॅक्टरवर गेला. ट्रॅक्टर मात्र पुढे अर्धा मैल सरळ नांगरत गेला. काका सत्तावन्नाव्या वर्षी चर्चमध्ये गेला, प्रवचन चालू असताना, त्यामुळे शेजारच्यांच्या ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं. थोरला भाऊ नेस्टर कर्लिंग खेळताना, बर्फावरून शेवटचा दगड निशाणाकडे सोडता सोडता गेला. दगड घसरत जाऊन निशाणाच्या वर्तुळात अगदी मधोमध बसला. गावात आजही नेस्टरचा विषय निघाला की लोक त्या दगडाबद्दल बोलतात.

आणि ओरेस्टला नोव्हेंबर एकोणीसशे शहाऐंशीत सत्तावन्न पूर्ण झाली होती.

डॉक्टरने रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल आठ पूर्णांक चार, जे पाचच्या आसपास हवं. हा आकडा बघून डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत बघितला. आकडा तोच होता. "लोण्याशी काही नातं आहे का तुमचं?" त्याने विचारलं, आणि नायासिन लिहून दिलं. सुरुवातीला छोटी गोळी, दिवसातून तीनदा, जेवणाबरोबर. मग आठवड्याआठवड्याने वाढवत शेवटी दिवसाला तीन ग्रॅम. मधूनमधून रक्ताची तपासणी.

"थोडीशी उष्णता वाटेल," डॉक्टर म्हणाला होता. डॉक्टर लोकांचं 'थोडंसं' हे कधीच त्यांच्या स्वतःच्या अंगावर मोजलेलं नसतं.

उष्णता वाटायला ओरेस्टची हरकत नव्हती. हरकत होती ती दहा वाजून वीस मिनिटांची. नाश्ता साडेनऊला, गोळी शेवटच्या घासाबरोबर, दहाला पाच मिनिटं असताना, आणि दहाला को-ऑपच्या कॅफेत कॉफीची पंगत. प्रेअरीच्या सपाट, गवताळ मुलुखातल्या प्रत्येक गावात अशी पंगत असते. गावातले थकलेले आणि अर्धवट थकलेले शेतकरी एका लांब टेबलाशी बसतात, कॉफी पितात आणि हजर नसलेल्यांची मापं काढतात. गरम कॉफी पोटात गेली की नायासिनला आणखी चेव येतो, हे ओरेस्टला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. कारण विचारलं असतं तर गोळी घेतो हे कळलं असतं.

आणि ते पंगतीत कळणं म्हणजे संपलंच. कोणी गोळी घेतो असं समजलं की पंगत त्याच्याबद्दल भूतकाळात बोलू लागते. गेल्या वर्षी एकाने नुसतं खोकल्याचं औषध घेतलं, तर त्याचं कापणीयंत्र कोणी विकत घ्यावं यावर तो समोर बसलेला असताना चर्चा झाली होती.

म्हणून ओरेस्ट दहा वाजून पंधरा मिनिटांनी "मटार घेऊन येतो" म्हणून उठायचा. घरात आता मटारची चौदा पाकिटं झाली होती.

हे असंच निभावलं असतं. पण जानेवारीत को-ऑपची वार्षिक सभा झाली आणि तीत तो ठराव आला.

ठराव असा: कॅफेतली डोनट तळायची कढई काढून टाकावी आणि त्याऐवजी कोंड्याचे मफिन ठेवावेत. गुप्त मतदान झालं. एकेचाळीस विरुद्ध चाळीस मतांनी ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पंगतीसमोर बशीत काहीतरी तपकिरी, कोरडं आणि आरोग्यदायी येऊन पडलं.

"हे काय आहे?" बड मॅकफेलने विचारलं. बड चाळीस वर्षं गावच्या धान्यकोठाराचा कारभारी होता. निवृत्त झाला तरी त्याचा आवाज अजून कोठाराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी बोलल्यासारखाच होता.

"मफिन," कॅफे चालवणारी डोरीन म्हणाली. "तुम्हीच मत दिलंत."

"मी?" बडने छातीवर हात ठेवला. "मी मरेन, पण कोंड्याला मत देणार नाही! मंडळी, एकेचाळीस विरुद्ध चाळीस. एक मत. आणि आपण या टेबलावर सहा जण. माझं ऐका, फितूर इथेच बसलाय."

सहाही जणांनी एकमेकांकडे बघितलं.

इथे या लोकांची एक रीत कळली पाहिजे. लार्क सायडिंगमध्ये सगळेजण कर्लिंग खेळतात, आणि कर्लिंगमध्ये पंच नसतो. घसरत्या दगडापुढचा बर्फ झाडूने घासतात; दगडाला चुकून झाडू लागला तर खेळाडूने आपणहून हात वर करून सांगायचं, "माझा लागला." दुसऱ्याने ओरडायचं नाही, त्यानेच कबूल करायचं. शंभर वर्षं हे असंच चालत आलंय. त्यामुळे इथे कोणी खोटं बोलत नाही असं सगळे मानतात, आणि ज्याला खरं बोलायला जड जातं त्याचं तोंड लाल होतं असंही मानतात. बर्फावर ज्याचे कान लाल, त्याचा झाडू लागला. थंडी उणे तीस असली तरी कान थंडीने लाल झाले असतील अशी शंका कोणी काढत नाही.

"सरळ प्रश्न आहे," बड म्हणाला. "कोणी दिलं मत?"

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

ओरेस्टला आधी कानात ऊब जाणवली. मग मानेवरून कोणीतरी गरम इस्त्री फिरवली. तो उठणार तेवढ्यात बड म्हणाला, "बस खाली! आत्ता उठणारा तोच चोर!" ओरेस्ट बसला. बसला आणि पेटला.

कोणीतरी चमचा खाली ठेवला.

"ओरेस्ट," बड हळू म्हणाला. बड हळू बोलल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. "अरे ओरेस्ट, तू?"

"मी नाही! मी डोनटलाच मत दिलं!"

"बघा बघा, आणखी लाल झाला."

"अरे, उकडतंय मला!"

"बाहेर उणे एकतीस आहे लेका."

ओरेस्टला एका वाक्यात सुटता आलं असतं. पण त्या वाक्यात गोळी होती, आणि गोळीपाठोपाठ कापणीयंत्राची चर्चा आली असती. त्याने समोरचा मफिन तोंडात कोंबला. त्या दिवसापासून पंगतीत त्याला 'कोंडा' म्हणू लागले. "या कोंडाभाऊ." "कोंड्याला आणखी एक मफिन द्या गं डोरीन, त्याने मागवलेत."

फेब्रुवारीत ओरेस्ट आणि त्याची बायको स्लावा सरहद्दीपलीकडे मायनॉट शहरात खरेदीला गेले. सस्कॅचेवानातले लोक स्वस्ताई दिसली की देशाभिमान गाडीत ठेवून उतरतात. स्लावा पडद्यांच्या कापडात गुंतलेली असताना ओरेस्टला एका दुकानात नायासिनचीच एक बाटली दिसली. बाटलीवर लिहिलं होतं: हळूहळू विरघळणारं. दुकानदाराने सांगितलं, ही घेतली की तोंड अजिबात लाल होत नाही, दिवसभर शांतपणे झिरपत राहते.

ओरेस्टने बाटली छातीशी धरली. मोठीच घेतली, बादलीएवढी.

आणि इथे त्याने चूक केली. शेतकऱ्याने करावी अशीच ती होती. साधी गोळी दिवसाला तीन ग्रॅमपर्यंत चढवायची होती ना? मग हीही तीन ग्रॅम. त्याच्या हिशेबी एक पोतं गहू म्हणजे एक पोतं गहू. भसकन ओता नाहीतर चिमूट चिमूट सोडा, पोत्याचं माप काही बदलत नाही. चाळीस वर्षं बडच्या कोठारात गहू घालून त्याला या बाबतीत कधीच फसायला झालं नव्हतं. मग डॉक्टरला कशाला विचारायचं? इंग्रिडलाही सांगितलं नाही; सरहद्दीपलीकडून औषध आणलं हे तिला आवडलं नसतं. मार्चमधली रक्ततपासणीही त्याने बर्फाचं निमित्त काढून टाळली.

तोंड मात्र लाल होईनासं झालं. आठवडाभर तो दहा वाजून वीस मिनिटांनी पंगतीत गोरापान बसून होता. बडने बारकाईने बघितलं आणि निर्णय दिला, "निगरगट्ट झालाय."

मार्च सरता सरता ओरेस्टला थकवा येऊ लागला. जिना चढला की खुर्ची, खुर्चीतून उठला की पलंग. पोटात सतत मळमळ. त्याने मनाशी ठरवलं की सत्तावन्न आहे, ते आपलं काम करतंय. एके दिवशी यंत्रांच्या शेडमध्ये गेला तेव्हा त्याला त्याच्या कापणीयंत्राची दया आली.

ईस्टरला स्लावाने नेहमीसारख्या पेरोगी केल्या. बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या, वर लोण्यात परतलेला कांदा. ओरेस्टचा आकडा ठरलेला होता: अठरा. लग्नाच्या दिवशीही अठराच खाल्ल्या होत्या. पाद्रीबाबांनी मोजल्या होत्या.

त्याने तीन खाल्ल्या आणि ताट सरकवलं.

स्लावाने ताटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग उठून खिडकीचा पडदा बाजूला केला. "इकडे तोंड कर उजेडात."

"काय झालं?"

"डोळे पिवळे झालेत तुझे."

"पडद्याचा रंग पडलाय."

"पडदा निळा आहे, गाढवा." स्लावाने त्याची हनुवटी धरली. नेस्टर गेला तेव्हा ती कर्लिंगच्या रिंकवर होती. "काय खातोयस तू? ओरेस्ट, खरं सांग. तोंड लाल व्हायचं तुझं, तेव्हा मी काही बोलले नाही. मला कळत होतं. मग एकदम थांबलं. का थांबलं?"

ओरेस्टने उठून बादलीएवढी बाटली टेबलावर आणून ठेवली.

स्लावाने फोन केला, आणि सुट्टी असूनही इंग्रिड दहा मिनिटांत आली. तिने बाटली हातात घेतली, मागचं वाचलं आणि बूट न काढताच बसली, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"किती घेतोस?"

"तीन ग्रॅम. डॉक्टरने सांगितलं तेवढंच."

"डॉक्टरने साध्या गोळीचं सांगितलं होतं, मूर्खा!"

"नायासिन ते नायासिन. एक पोतं गहू..."

"पोतं गेलं खड्ड्यात!" तीस वर्षांत इंग्रिड ओरडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. "ऐक. तुझी लिव्हर म्हणजे पिठाची गिरणी समज. साधी गोळी म्हणजे पोतं एकदम ओतलं. गिरणी घरघरली, तोंड लाल झालं, दळून झालं, गिरणी थांबली, विसावली. ही हळू झिरपणारी म्हणजे रात्रंदिवस एकेक मूठ. गिरणी एक क्षण थांबत नाही. आवाज नाही, धूर नाही, आणि आतला दगड झिजून जातो. ही घ्यायचीच तर मात्रा खूपच कमी, तीही डॉक्टरच्या नजरेखाली. तू पुरी घेतलीस, चोरून."

"तिसरीही एक असते ना?" ओरेस्ट कसाबसा म्हणाला. "कधीच लाल न करणारी? मायनॉटला होती."

"असते. ती लाल करत नाही, लिव्हरला फारसं काही करत नाही, आणि कोलेस्टेरॉललाही काही करत नाही. आपल्या सिनेटमधल्या मंडळींसारखी आहे ती, नुसती बसून राहते."

त्याच दिवशी डॉक्टरकडे. लिव्हरचे आकडे असे होते की डॉक्टरने या वेळी चष्मा काढलाच नाही, आकडे चष्म्याशिवायही दिसत होते. गोळी बंद. चार-पाच आठवडे नुसतं पाणी, विश्रांती आणि स्लावाचा पहारा. मेच्या शेवटी डोळे पांढरे झाले, भूक परत आली (पेरोगी: अकरा, मग चौदा), आणि आकडे ताळ्यावर आले. डॉक्टर म्हणाला, साधं नायासिन परत पहिल्यापासून सुरू करू, पण दर महिन्याला रक्त तपासायचं, चोरी नाही.

ओरेस्टने ते कागद इंग्रिडच्या काउंटरवर ठेवले आणि पायाकडे बघत उभा राहिला.

"परत तेच तोंड," तो म्हणाला. "परत कोंडा."

"त्याला उपाय आहेत. गोळीच्या अर्धा तास आधी ॲस्पिरिन घे, गोळी जेवणाच्या मध्यावर घे, गरम कॉफी नंतर. लाली निम्म्याने कमी होते. रोज न चुकता घेतलीस तर अंग सरावतं. दोन दिवस चुकलास की परत पहिल्यापासून पेटशील." मग ती काउंटरवर वाकली. "पण पहिले काही दिवस व्हायचं ते होणारच. मी नेस्टरबरोबर शाळेत होते, ओरेस्ट. तुझ्यापुढे दोनच रस्ते आहेत. लाल तोंडाने अठ्ठावन्न, नाहीतर गोऱ्या तोंडाने नेस्टरशेजारी."

ओरेस्टने कागदांची घडी करून ते खिशात ठेवले. बाहेर डोरीन अंगणात गालिचा झटकत होती.

"तू उद्या दहाला कॅफेत येशील?" त्याने विचारलं. "आणि ॲस्पिरिन मी उद्या घेणार नाही. मुद्दाम."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ओरेस्ट पंगतीत आला, बसला, आणि त्याने साध्या नायासिनची बाटली टेबलाच्या मधोमध आपटली.

"माझं कोलेस्टेरॉल आठ पूर्णांक चार आहे," तो म्हणाला. "मी गोळी घेतो. तिच्याने तोंड लाल होतं. डोनटला मत दिलं मी, आणि परत देईन. आता माझ्या कापणीयंत्राबद्दल बोलायचं असेल तर बोला. मी इथे बसलोय."

बड हसला.

"जीवनसत्त्वाने तोंड लाल होतं? अरे, गाजरात जीवनसत्त्व असतं, मग ससा लाल होतो का? तोंड मनातल्या खोटेपणाने लाल होतं, कोंडाभाऊ. माझं झालं कधी?"

"मग घे एक."

"काय?"

"घे ना. मन साफ असेल तर काही होणार नाही."

बडने सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. माघार घ्यायची तर चाळीस वर्षांचा आवाज पाण्यात.

"मी एकटा का? सगळ्यांनी घ्यायची!"

इंग्रिड खुर्ची ओढून बसली. "छोटी आहे, एकच घ्यायची. पण आधी मी विचारते. पोटात अल्सर? साखर? लिव्हर? पायाच्या अंगठ्याचा संधिवात?" एकाला संधिवात निघाला, त्याला तिने घड्याळाकडे बघायचं काम दिलं. उरलेल्यांनी, ओरेस्टसह पाचांनी, गोळी तोंडात टाकली आणि वरून गरम कॉफी घेतली, कारण ती तिथे होतीच.

पंधरा मिनिटं सगळे एकमेकांचे कान बघत बसले.

"दहा वीस," संधिवातवाल्याने जाहीर केलं.

"मला तर काहीच..." बड म्हणाला, आणि थांबला. त्याने कानाला हात लावला. मग दुसऱ्या कानाला. "इथे स्टोव्ह कोणी वाढवला?"

"स्टोव्ह जूनमध्ये नसतो," डोरीन म्हणाली.

बडचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल, मग गावात ज्याला नाव नाही अशा रंगाचे झाले. लाली मानेवरून उतरत कॉलरखाली गेली. त्याच्याशेजारचे दोघेही पेटले होते. एकजण मेनूकार्डाने छातीला वारा घालत होता. ओरेस्ट तर सगळ्यांत आधी पेटला होता, पण या वेळी तो ताठ बसला होता, जसा राज्याभिषेकाला बसतात.

"बघ बड," तो म्हणाला. "सगळे लाल. सगळेच फितूर का?"

आणि तेव्हा जे घडलं ते इंग्रिडनेही अपेक्षिलं नव्हतं. बड मॅकफेल डोरीनच्या चकचकीत कॉफीयंत्रात स्वतःचं तोंड बघत होता. साठ वर्षं तो मानत आला होता की लाल तोंड खोटं बोलत नाही. आणि ते तोंड त्याच्याकडेच बघत होतं.

"बंद करा हे!" तो किंचाळला. "बास! मीच! मीच दिलं मत!"

संधिवातवाला घड्याळ बघायचं विसरला.

"तू?" ओरेस्ट म्हणाला.

"मी रोज चार खायचो रे!" बडने तोंड हातात घेतलं. "इथे चार, आणि घरी जाताना पिशवीत दोन. हात थांबतच नव्हता. बायकोने, व्हर्नाने, माझ्या पँटचा पट्टा तिसऱ्यांदा बदलला. म्हटलं, दुकानातच नसले तर... गुप्त होतं ना मतदान! कोणाला कळणार होतं! आणि मग तू लाल झालास, आणि मला वाटलं, देव धावून आला."

ओरेस्टने त्याच्याकडे बघितलं. पाच महिन्यांचा 'कोंडा' त्याच्या घशाशी आला होता. पण समोर एक लाल, घामाघूम, खाजवणारा म्हातारा होता, आणि त्या क्षणी पृथ्वीवर त्याला नेमकं काय वाटतंय हे ओरेस्टइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"अजून अर्धा तास," तो म्हणाला. "चल. मासळीचा कप्पा दाखवतो."

"थांबा!" घड्याळवाला ओरडला. "आर्व्हिड लाल झाला नाही!"

सगळे वळले. टेबलाच्या टोकाला आर्व्हिड नॉर्डाल शांतपणे मफिन खात बसला होता, उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा. आर्व्हिड आठवड्यातून साधारण एक वाक्य बोलायचा.

"तू का लाल नाहीस?" बड गुरगुरला. "काय लपवतोयस?"

आर्व्हिडने घास गिळला. "रोज सकाळी ॲस्पिरिन घेतो. गुडघे."

"बघा," इंग्रिड म्हणाली, "तेच मी सांगत होते." आणि पंगतीतल्या दोघांनी, कोणी बघत नाही असं समजून, ते नाव हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं.

त्यानंतर ओरेस्टची लाली गावाच्या सवयीची झाली. जून-जुलैत मात्रा वाढेल तसा तो मधूनमधून पेटायचा, आणि पंगतीतले म्हणायचे, "ओरेस्ट लाल झाला, दहा वीस झाले," आणि आपापली घड्याळं लावायचे. कापणीच्या दिवसांत तर त्याने एकदाही गोळी चुकवली नाही. ट्रॅक्टरच्या खिडकीतून त्याचं लाल तोंड दिसलं की शेजारचा शेतकरी थांबून जेवायचा. ऑगस्टनंतर अंग सरावलं. लाली कानांपुरती उरली. डॉक्टर दर महिन्याला रक्त काढायचा आणि दर महिन्याला ओरेस्ट न बोलावता जायचा. बड स्वतःहून डॉक्टरकडे जाऊन आपला आकडा काढून आला; तो किती आला हे त्याने कोणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर तो मफिन तक्रार न करता खाऊ लागला.

नोव्हेंबरात ओरेस्ट हावरिश अठ्ठावन्न वर्षांचा झाला.

त्या सकाळी तो सहाला उठला, आरशात बघितलं, आणि खात्रीसाठी परत बघितलं. स्लावा मागून आली. तिनेही बघितलं. ती म्हणाली, "दाढी कर. लोक येतील," आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

दहा वाजता कॅफे भरला होता. पंगत तर होतीच, पण चर्चचे लोक होते, रिंकवरचे होते, नेस्टरच्या त्या शेवटच्या डावातले दोघे होते. डॉक्टरचं पाकीट ओरेस्टने मुद्दाम उघडलं नव्हतं. त्याने ते आता उघडलं, आणि मोठ्याने वाचलं.

"लिव्हर, ठीक. साखर, किंचित वर, लक्ष ठेवावे. अंगठ्याचा संधिवात, नाही." त्याने श्वास घेतला. "कोलेस्टेरॉल पाच पूर्णांक एक."

बड मॅकफेल उठला आणि खुर्चीवर चढला, खुर्ची करकरली तरी.

"मंडळी!" कोठाराच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा तो आवाज परत आला होता. "सत्तर वर्षं या गावाने हावरिशांना सत्तावन्नाव्या वर्षी पोचवलंय! माझ्या बापाने एकाला खांदा दिला, मी दोघांना दिला. आज पहिल्यांदा एक हावरिश या ओळीच्या पलीकडे पाऊल टाकून आपल्यासमोर बसलाय! लाल तोंडाने बसलाय! मी या माणसाला कोंडा म्हणालो. झाडू माझा लागला होता, मंडळी! माझा लागला!" आणि त्याने भर कॅफेत हात वर केला.

सगळा कॅफे उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, टेबलांवर मुठी. स्लावाने इंग्रिडला मिठी मारली, इंग्रिडला ते फारसं जमलं नाही. आर्व्हिड नॉर्डाल उभा राहून म्हणाला, "शाबास," आणि तो आठवड्याचा कोटा होता. लोक ओरडू लागले, "बोल ओरेस्ट! भाषण! भाषण!"

ओरेस्ट हावरिश, अठ्ठावन्न वर्षं आणि दहा तासांचा, टेबलाला हात टेकून उठला. बाप, काका, नेस्टर, सगळे त्याला एकदम आठवले. त्याने तोंड उघडलं. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं.

"ओरेस्ट," फडकं आणि बादली घेऊन आलेली डोरीन म्हणाली, "बोल तू, पण आधी खाली बस आणि जरा पाय वर घे. बुटांचा बर्फ वितळून सगळी फरशी ओली केलीयस."